पाय-सर्व्हर: अखेर मेमरीला वेसण

मागच्या पोस्टमधला राक्षस आठवतोय ना? गड्ड्याच्या जत्रेच्या जुन्या फोटोंतले चेहरे ओळखणारी सर्व्हिस. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा एक फोटो म्हणजे शेकडो तोंडं. माझा ४ जीबी रॅमचा पाय ४ (रास्पबेरी पाय, तळहाताएवढा संगणक) तिथेच धापा टाकायचा.

सीपीयूचं काम सोपं निघालं. नाइस १९ (म्हणजे सर्वांत कमी प्राधान्य) देऊन सोलापूरच्या मे महिन्यात काहीच उपयोग नाही: दुसरं कोणी मागत नसेल, तर ती प्रोसेस चारही कोर खुशाल खाते आणि पाय ८० अंशांवर जाऊन स्वतःच मंदावतो. सीपीयूलिमिट हे टूलही माझ्या मनातून उतरलंय. ते प्रोसेसला सतत थांबव-चालव करतं, वेब पान गचके खातं. सरळ सिस्टमसीटीएल (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारी कमांड) सेट-प्रॉपर्टी, सीपीयूकोटा १५०%, म्हणजे फार तर दीड कोर. चालू सर्व्हिसवर लगेच लागू, रीस्टार्ट नको. पंखा काढून ॲल्युमिनियमची केस लावलीय, तीच बरी. आवाज तरी नाही.

पण मेमरी! मेमरीमॅक्स, म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा, १२०० एमबी दिलं. सिस्टमसीटीएल शो आकडा इमानदारीत दाखवतो, आणि सर्व्हिस २ जीबी ओलांडून पुढे. एरर नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. डोकं फिरलं. धागा सापडला तो सिस्टमसीटीएल स्टेटसमध्ये: तिथे मेमरीची ओळच नव्हती. मग सीग्रुपची (कर्नलची या मर्यादा पाळायला लावणारी यंत्रणा) कंट्रोलर्स फाइल उघडली. सीपीयू आहे, पिड्स आहे, मेमरी गायब. प्रॉक-सीएमडीलाइनमध्ये (बूट होताना कर्नलला मिळालेल्या सूचना) 'सीग्रुप-डिसेबल=मेमरी' बसलेलं, जे मी कधी लिहिलंच नव्हतं. पायचं फर्मवेअर ते स्वतः घुसवतं! बूट-फर्मवेअरमधल्या सीएमडीलाइन फाइलीत 'सीग्रुप-एनेबल=मेमरी' जोडलं (त्याच ओळीत हं, नवी ओळ चालत नाही), रीबूट केलं, आणि स्टेटसमध्ये मेमरीची ओळ उगवली. एवढ्याशा ओळीचा काय आनंद झाला म्हणून सांगू!

आता मेमरीहाय (मॅक्सच्या आधीची मऊ मर्यादा) ९०० एमबी, मॅक्स १२००. हायला लागली की सर्व्हिस मंदावते, मरत नाही. इव्हेंट्स फाइलीतला 'हाय'चा आकडा चढताना बघत बसायला मजा येते.

पुढचा बेत टायमर लावून रात्रीच चालवायचा होता. पण लिहिता लिहिता सुचलं, सिस्टमसीटीएल फ्रीझ आहे की! दुपारी गोठवायचं, संध्याकाळी थॉ करून पुन्हा चालू, काम अर्धवट तुटणार नाही. गोचीही आहे: गोठलेली प्रोसेस रॅम सोडत नाही. म्हणजे झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) हवं. एसडी कार्डावर स्वॅप मी ठेवणार नाही. टायमर रद्द, आधी झेडरॅम. कोणी पाय ४ वर वापरत असेल तर साइझ किती ठेवलीय ते सांगा.