तुम्ही विचारलंत म्हणून : बाळाच्या गुटीत वेखंड घालावे का?

कोथरूडच्या माझ्या गच्चीत एका जुन्या घंगाळात तळाला चिखल आणि वर चार बोटे पाणी ठेवून मी वेखंड लावले आहे; त्यामुळे ओळखीत कुणाकडे बारसे झाले की "गुटीत उगाळायला ताजा तुकडा मिळेल का?" अशी विचारणा हमखास होते. मी तुकडा देते, पण गुटीसाठी देत नाही.

वेखंडाविषयी मला मनापासून ममत्व आहे. त्याची तलवारीसारखी पाने चुरगाळली की माझ्या आईच्या बाळंतिणीच्या खोलीचा वास येतो. संस्कृतात त्याला वचा आणि उग्रगंधाही म्हणतात. धान्यात आणि रेशमी साड्यांच्या घडीत त्याचे तुकडे ठेवण्याची रीत उगाच पडलेली नाही, कारण त्याच्या तेलातील बीटा-असरोन हे द्रव्य किडींना खरोखरच मारक ठरते.

अडचण याच द्रव्याची आहे. अमेरिकेतील मूळच्या वेखंडात गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि हे द्रव्य जवळजवळ नसते. युरोपातील तीन संचांच्या जातीत ते थोडे असते. आपल्याकडे आढळणाऱ्या चार संचांच्या जातीत मात्र तेलाचा मोठा भाग तेच असते. उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली.

"आम्ही सगळे गुटीवरच वाढलो" हे उत्तर मला नेहमी मिळते आणि ते खोटे नाही. परंतु आयुर्वेदात वमनासाठी, म्हणजे ओकारी काढण्यासाठी, गेळफळाबरोबर वेखंड वापरतात, आणि पोटात देण्यापूर्वी त्याचे शोधन, म्हणजे दोष कमी करण्यासाठीची शुद्धीकरणाची प्रक्रिया, करायला सांगितले आहे. सहाणेवर कच्चे उगाळताना ते शोधन कुणीही करत नाही. बाळ ओकले की "कफ पडला" असे आपण समाधान मानतो. प्रत्यक्षात तो वेखंडाचाच परिणाम असू शकतो, आणि किती वळसे उगाळल्याने किती द्रव्य पोटात गेले, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून साड्यांसाठी आणि धान्यासाठी तुकडा अवश्य न्यावा. टाळूवर किंवा अंगावर भुकटी चोळण्याचाही मी आग्रह धरत नाही, कारण ती श्वासातून आत जाते. गुटी आधीच दिली असेल आणि बाळ वारंवार ओकत असेल किंवा मलूल वाटत असेल, तर त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे आणि वेखंड दिल्याचे संकोच न करता सांगावे.