शॉ-येट्सच्या पलीकडची फ्लॉरेन्स फार

लंडनमध्ये टर्नहॅम ग्रीन स्टेशनला उतरलं की लगेच बेडफर्ड पार्कची लाल विटांची घरं सुरू होतात. इथल्या क्लबात १८९० साली एक काव्यनाटक झालं. त्यात काम करणाऱ्या इंग्रज अभिनेत्री फ्लॉरेन्स फारचा आवाज ऐकून तरुण कवी येट्स भारावून गेला. पुढे बर्नार्ड शॉही तिच्या ओढीत सापडला. आज तिचं नाव निघतं ते बहुतेक या दोघांच्या चरित्रांत, आणि मला ते फार खटकतं.

कारण या दोघांना संधी देणारी ती होती. तिची श्रीमंत मैत्रीण अ‍ॅनी हॉर्निमन हिने स्वतःचं नाव गुप्त ठेवून पैसे पुरवले आणि १८९४ मध्ये फ्लॉरेन्सने चेरिंग क्रॉसजवळचं अव्हेन्यू थिएटर चालवायला घेतलं. पहिलं नाटक सपशेल पडलं. ती डगमगली नाही, तिने शॉचं ‘आर्म्स अँड द मॅन’ लावलं. त्याच हंगामात येट्सचं नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं. तिची स्वतःची कादंबरी ‘द डान्सिंग फॉन’ त्याच वर्षीची. नट असलेला नवरा तोवर केव्हाच अमेरिकेला निघून गेला होता.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते तिचं सॉल्टरी. डोल्मेच या वाद्यकाराने तिच्यासाठी हे तंतुवाद्य बनवलं. बोलताना आवाज जितका वरखाली जातो, तेवढ्या पट्ट्यातले सगळे सूर त्यात होते. ते छेडत ती कविता म्हणायची. गायची नाही, म्हणायची. शब्द सुरात बुडू द्यायचे नाहीत हा तिचा कटाक्ष. एकतारीवर अभंग ऐकत वाढलेल्या आपल्याला हे पटकन कळतं.

१९१२ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, लंडन सोडून ती सिलोनला गेली. तिथले तमिळ नेते पोन्नंबलम रामनाथन यांनी जाफनाजवळ मुलींसाठी काढलेल्या शाळेत तिने काम केलं. त्या वयात अनोळखी मुलखात नव्याने उभं राहणं काय असतं, हे परदेशात राहणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. स्तनाच्या कर्करोगाने १९१७ मध्ये कोलंबोत ती वारली.

शॉ आणि येट्स यांनी तिला लिहिलेली पत्रं १९४१ मध्ये छापली गेली. ती जरूर वाचा, पण आधी तिचं १९१० चं ‘मॉडर्न वुमन’ हे पुस्तक वाचा. त्यात ती स्वतः बोलते.