घामोळ्याचं फूल

दुपारची भांडी विसळून आले तर भाचीच्या लॅपटॉपवर एक फूल उमललेलं. काळं-पांढरं, टोकदार पाकळ्यांचं. बाहेर फोंड्याचा पाऊस कौलं बडवत होता.

"जाई का गं?"

"मावशी, झिंक ऑक्साइड आहे ते, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो. आणि मला फूल नकोच होतं. काचेवर सपाट थर हवा होता, सेन्सरसाठी. गेलं सॅम्पल वाया."

तिचा वैताग कळत होता, पण माझी नजर हलेना. नीट पाहिलं तर पाकळ्या कसल्या, सहा कडांच्या दांड्या त्या, शाळेतल्या शिसपेन्सिलींसारख्या. कोपऱ्यात एक रेघ, १ मायक्रॉनची. फूल तिच्या चौपट. माणसाचा केस ७०-८० मायक्रॉन जाड धरला, तर केसांत माळायची फाती एका केसाच्या जाडीत मावली असती!

फोटोआधी म्हणे त्याला सोन्याचा थर देतात, काही नॅनोमीटरचा. नाहीतर वर विद्युतभार साचून चित्र बिघडतं. फोटोसाठी अंगावर सोनं हवंच, हे आमच्याकडच्या बायकांना आधीपासून पटलेलं आहे. रंग मात्र या सूक्ष्मदर्शकात उमटतच नाहीत. छापलेल्या चित्रांत दिसतात ते मागाहून भरलेले. हे ऐकून मी जरा हिरमुसलेच.

पण झिंक ऑक्साइड! म्हणजे मे महिन्यातली ती कॅलामाइन लोशनची गुलाबी बाटली. घामोळ्यांनी पाठ फुलली की आई आम्हा भावंडांना पालथं झोपवायची, तळाला बसलेला साका वर यावा म्हणून बाटली खळाखळा हलवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो गारवा पाठभर फिरवायची. वाळताना कातडी ओढली जायची. चादरीला लागेल म्हणून हलायचं नाही. मग आई आत गेली की आम्ही एकमेकांच्या पाठीवर नखाने नावं कोरायचो. भावाने माझ्या पाठीवर काय लिहिलं होतं, ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही.

तो गुलाबीपणा चिमूटभर आयर्न ऑक्साइडचा, भाची म्हणाली. आपल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्याला लाल करतं तेच.

"मग आमच्या पाठीवरही अशी फुलं होती म्हणायची."

"छे गं. लोशनमधले कण कुठले असे फुलायला!"

तिने त्या फोटोला 'फेल ७' असं नाव दिलं. मी तो मागून घेतला, आता माझ्या फोनच्या पडद्यावर आहे. काल शेजारीण डोकावून म्हणाली, "म्हार्दोळची जाई ना?"

मी हो म्हटलं.