होडीचं चित्र आणि फुकटातला कोर्स: माझा अनुभव

शिक्षकांचं प्रशिक्षण म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, "सर्टिफिकेट मिळतं का?" मी एक ऑनलाइन कोर्स करतेय म्हटल्यावर मुख्याध्यापकांनीही तोच विचारला. फुकटात केला तर मिळत नाही म्हटल्यावर ते "बरं" म्हणाले आणि हजेरीपटात डोकं घातलं. त्यांचंही चुकत नाही. 'दीक्षा' या सरकारी पोर्टलवरचं प्रशिक्षण संपलं की प्रमाणपत्र उतरवून घ्यायची सवय आम्हा सगळ्यांनाच लागली आहे.

कोर्स होता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टचा, 'एडएक्स' या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचा. चित्रं दाखवून मुलांना विचार करायला कसं लावायचं, हा विषय. नाव नोंदवताना पैसे भरून आणि 'ऑडिट', म्हणजे फुकटात, असे दोन पर्याय दिसतात. ऑडिटमध्ये व्हिडिओ आणि वाचायचं साहित्य मिळतं, पण ठरावीक मुदतीपुरतंच, म्हणून लागणारं आधीच उतरवून ठेवलेलं बरं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचेही असे कोर्स 'कोर्सेरा' या तशाच संकेतस्थळावर आहेत. त्यातला एक मी चाळला होता. मेरेट ओपनहाइम या कलावतीची 1936 सालची फर लावलेली कपबशी याच संग्रहालयात आहे. ती पाचवीच्या वर्गात नेली असती तर उरलेला तास हसण्यातच गेला असता.

सगळं इंग्रजीतून आहे, पण अडत नाही. व्हिडिओखाली बोलणं लिहून दिलेलं असतं. मी आधी ते वाचायचे, मग व्हिडिओ लावायचे. रेंज रात्री जेवणं झाल्यावरच नीट मिळायची, तेवढी वेळ सांभाळायची.

कोर्सचा पाया हार्वर्ड विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट झीरो' या संशोधन प्रकल्पाचा आहे. 1967 मध्ये नेल्सन गुडमन या तत्त्ववेत्त्यानं तो सुरू केला. वर्गात पुन्हापुन्हा वापरायच्या छोट्या पद्धती या प्रकल्पानं बसवल्या आहेत. एक अशी: चित्राकडे अर्धा मिनिट गप्प बघायचं, दिसलेल्या दहा गोष्टी लिहायच्या. मग परत अर्धा मिनिट बघायचं आणि आणखी दहा लिहायच्या. पहिल्या दहा कुणीही लिहितो, खरी गंमत दुसऱ्या दहात असते. दुसरी पद्धत तीन प्रश्नांची: काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, प्रश्न काय पडतो. आणि मुलानं काहीही सांगितलं की शिक्षकानं "बरोबर" किंवा "चूक" म्हणायचं नाही. "कशावरून?" एवढंच विचारायचं.

हे वाचायला सोपं आहे. करताना जीभ चावावी लागते. आमची मुलं बोलताना चित्राकडे बघतच नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघतात. बाईंचा चेहरा खुलला की उत्तर बरोबर! त्यामुळे मी वर्गाच्या मागे जाऊन उभी राहू लागले.

नॅशनल गॅलरीची हक्कमुक्त झालेली चित्रं तिच्या संकेतस्थळावरून मोफत घेता येतात. मी विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराचं 'ब्रीझिंग अप' निवडलं. कललेली शिडाची होडी, एक मोठा माणूस आणि तीन मुलगे. मालवणच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठी रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि नाव न सांगता फळ्यावर लावली.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं मासेमारीच्या घरांतली. एरवी वाचनात मागे पडणारा एक मुलगा सगळ्यांत आधी उठला. "बाई, मासे गावलेत, म्हणजे घराक येतत." कशावरून? तो फळ्यापाशी गेला आणि होडीच्या तळाशी पडलेल्या मासळीवर बोट ठेवलं. ती मला स्वतःला तोवर नीट दिसली नव्हती. मग वारा कुठून येतो यावर भांडण जुंपलं. शीड, कललेली कड, लाटा, सगळं पुराव्याला आलं. "मोठ्यान शिडाची दोरी धरल्यान, मगे एवढ्या वाऱ्यात सुकाणू झिलाकडे कित्याक दिल्यान?" हा प्रश्न एका मुलीचा. तिचे वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आहेत.

आता यातली मजा अशी. होमर हे चित्र 1873 ते 1876 असं तीन वर्षं रंगवत होता, त्यात फेरफार करत होता. तज्ज्ञांनी अवरक्त किरणांनी तपासलं तेव्हा खालचे बदल उघडे पडले. आधी दोरी आणि सुकाणू, दोन्ही त्या मोठ्या माणसाच्याच हातात होतं. सुकाणू मुलाकडे नंतर गेलं. डोलकाठीजवळ चौथा मुलगाही होता, तो पुसला. हे मी शेवटी सांगितलं. सुकाणूचा प्रश्न विचारणारी मुलगी तास संपेपर्यंत मान उंच करून बसली. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मगे तो चौथो खंय गेलो?"

सगळंच असं जमलं नाही. व्हिडिओतले वर्ग लहान, मुलं गॅलरीत चित्रासमोर बसलेली. आमच्याकडे दोन इयत्ता एका खोलीत. एका बाजूला चित्र चालू असताना दुसऱ्या बाजूला पाढे चालू. कोर्समध्ये यावर काही मिळालं नाही. शेवटी मी मोठ्या मुलांना चित्रावर लिहायला बसवलं आणि तेवढ्यात धाकट्यांची गणितं घेतली.

नंतर कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी घेतली. चित्रांची पानं दाखवत गोष्ट सांगायची ठाकर समाजाची ही कला, परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपल्याच जिल्ह्यातली, मुलं रमतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. "हो रावण!" म्हटलं आणि बघणं संपलं. गोष्ट आधीच पाठ असल्यावर चित्र बघायचं कशाला? मग रामायण-महाभारतातल्या ओळखीच्या प्रसंगांची पानं बाजूला ठेवली आणि एका पानाचा फक्त कोपरा उघडा ठेवून बाकी कागदानं झाकलं. एक पाय, धनुष्याचं टोक, झाडाची फांदी. तेव्हा कुठे परत "कशावरून?" सुरू झालं, आणि या खेपेला मुलांनीच ते एकमेकांना विचारलं.

मुख्याध्यापक दारातून बघत होते. रावणाच्या दिवशी नव्हे, होडीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती लॅमिनेट केलेली प्रिंट सातवीच्या बाईंसाठी मागून घेतली. अजून परत आलेली नाही.