तुटतात की गळतात?

मी जाहिरातीत आहे म्हटलं की लोक पहिलं विचारतात, मग कुठली हिरॉइन भेटली का. एकही नाही. माझं काम म्हणजे हिंदीत तयार झालेली जाहिरात मराठीत आणायची, धंद्यात याला ॲडाप्टेशन म्हणतात. एक एक्सेल शीट येतं, पहिल्या कॉलममध्ये इंग्लिश, दुसऱ्यात हिंदी, तिसरा रिकामा, तो आपण भरायचा आणि मग अंधेरीला डबिंगला जाऊन बसायचं, बोलणारं माणूस 'ळ'चा 'ल' करत नाही ना ते ऐकायला. बारा वर्षं हेच करतोय. पैसे ९० दिवसांनी येतात, ते पण दोनदा फोन केला तर.

तर हा किस्सा दोनेक वर्षांपूर्वीचा, पावसाळ्यातला. शाम्पूची फिल्म, २० सेकंद. ब्रँडचं नाव सांगत नाही आणि त्याने फरकही पडत नाही, तुमच्या बाथरूममधली कुठलीही बाटली डोळ्यांसमोर आणा. शीटमधली मेन ओळ अशी, की या शाम्पूने 'हेअरफॉल ड्यू टू ब्रेकेज' ९५ टक्क्यांपर्यंत कमी होतो. हिंदीवाल्याने 'टूटकर झड़ते बाल' असं काहीतरी ठोकून दिलं होतं आणि ते खपूनही गेलं होतं. मी मराठीत लिहायला बसलो आणि तिथेच अडकलो.

कारण मराठीत केस गळतात नाहीतर तुटतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. पान गळतं, फांदी तुटते. 'तुटल्यामुळे होणारी केसगळती' हे वाचायला एकदम सायंटिफिक वाटतं पण आईला मोठ्याने वाचून दाखवा, ती म्हणेल काय बोलतोयस. मी आपलं सरळ लिहिलं, 'केस तुटणं ९५% पर्यंत कमी', पाठवून दिलं आणि चहा टाकला.

चहा उकळायच्या आत फोन. ब्रँडकडचा मुलगा, नवीन, हुशार, अत्यंत नम्र. "सर, तुटणं नको, गळणं पाहिजे." मी म्हटलं अरे पण तुमची टेस्ट तुटण्याची आहे. म्हणाला, "हो सर, पण कन्झ्युमरचा प्रॉब्लेम गळणं आहे." मी परत म्हटलं की टेस्ट तुटण्याची आहे. तो परत म्हणाला की प्रॉब्लेम गळणं आहे. असं आम्ही तीनदा केलं. खरं सांगायचं तर अख्खी जाहिरात त्या दोन वाक्यांच्या मधे उभी होती, पण तेव्हा मला फक्त चहा उतू गेल्याचं दुःख होतं.

टेस्ट काय असते ते सांगतो, कारण लोकांना वाटतं बायकांच्या डोक्यावर शाम्पू लावून महिनाभर मोजलं असणार. या टाइपच्या दाव्यामागे बहुतेक वेळा असतात केसांच्या बटा, म्हणजे नुसत्या बटा, डोकं नाही. त्या लॅबमध्ये धुतात, मशीनवर कंगवा फिरवत राहतात, शेकडो वेळा, आणि खाली पडलेले तुकडे मोजतात. एका गठ्ठ्याला आपला शाम्पू आणि दुसऱ्याला असा शाम्पू ज्यात कंडिशनर नाही. आता कंडिशनर लावला की केस गुळगुळीत होतो, कंगवा अडकत नाही, साहजिकच कमी तुटणार. म्हणजे आकडा खोटा नाही. फक्त तुलना कुणाशी केली ते एका ओळीत तळाला लिहिलेलं असतं, आणि ज्या बाईचे केस बाळंतपणानंतर किंवा तापानंतर मुठीने जाताहेत तिचा त्या कंगव्याशी काहीही संबंध नसतो.

दुपारी लीगलच्या मॅडमसोबत कॉल. मला लीगलवाले आवडतात, खरंच, कारण पूर्ण टीममध्ये शब्द नीट वाचणारं तेवढंच एक माणूस असतं. मॅडमनी 'केस गळणं ९५% पर्यंत कमी' यावर लाल फुली मारली. तुटण्याचा उल्लेख हवाच. ब्रँडला तो उल्लेख आवाजात नको, तळाच्या सुपरमध्ये, म्हणजे पडद्यावर खाली येणाऱ्या बारीक अक्षरांत, चालेल. मॅडम म्हणाल्या, डिस्क्लेमर दावा उलगडून सांगू शकतो, दाव्याच्या उलटं सांगू शकत नाही. वर म्हणायचं गळणं आणि खाली म्हणायचं तुटणं, हे कसं चालेल? आणि २०२२च्या जूनपासून हे नुसतं ॲस्कीचं, म्हणजे जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या आपल्या इंडस्ट्रीच्याच संस्थेचं, म्हणणं राहिलेलं नाही, केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाच्या गाइडलाइन्स आहेत, पहिल्या वेळेला १० लाखांपर्यंत दंड, परत केलं तर ५० लाखांपर्यंत. ("बघा, सरकार पण 'पर्यंत'च म्हणतं," असं मी म्यूटवर म्हणालो.)

त्याच गाइडलाइन्समध्ये आहे की डिस्क्लेमर दाव्याच्याच भाषेत पाहिजे. ॲस्कीचंही तेच आहे. आधी काय मजा होती, मराठी जाहिरातीत तळाला इंग्लिशमध्ये मुंग्या चालायच्या, आमच्या गल्लीतल्या कुणी वाचायचा प्रश्नच नाही. आता त्या मुंग्या मराठीत आणायला मला पैसे मिळतात, त्यामुळे मी तक्रार करणार नाही.

मग मी 'पर्यंत'वर आलो. हा शब्द माझ्या मते मराठी जाहिरातीतला सगळ्यात कष्टाळू शब्द आहे. इंग्लिशमध्ये 'अप टू' आकड्याच्या आधी येतं, निदान आधी सावध तरी करतं. मराठीत आकडा आधी, 'पर्यंत' मागून, म्हणजे डोक्यात ९५ बसून झालेला असतो आणि मग हा येतो, लग्नात जेवणं आटपल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा. दादरला सेलचे बोर्ड बघा, ५० एवढा मोठा की लांबून दिसतो आणि 'पर्यंत' शोधायला दुकानात जावं लागतं, आत एका कोपऱ्यात चार मळखाऊ शर्टांवर खरंच ५० टक्के असतात, बाकी सगळं १०. खोटं कोण बोललं? कोणीच नाही. '९५% पर्यंत' यात शून्य पण बसतं राव.

'मदत करते' हा दुसरा. केसगळती कमी करायला मदत करते, इम्युनिटी वाढवायला मदत करते. अहो, लग्नात मांडव घालायला शेजारी पण मदत करतात, म्हणून लग्न त्यांनी लावलं असं होत नाही. आणि तिसरा 'च्या गुणांसह'. बदामाच्या गुणांसह, केशराच्या गुणांसह. किती बदाम, तेलात की नुसत्या वासात, काही बोलायचं नाही. एकदा मी निरागसपणे 'बदाम असलेला' असं लिहिलं होतं तर अकरा जणांना सीसी करून मेल आली होती. माझा वैयक्तिक फेवरेट मात्र 'याहून चांगलं संरक्षण कोणीच देत नाही'. ऐकायला हाच नंबर एक. नीट वाचलं तर एवढंच की बाकीचे पण इतकंच देत असतील.

असो. कॉल अडला. ब्रँड म्हणतो गळणं, लीगल म्हणतं तुटणं, सोमवारपासून मराठी चॅनल्सवर स्लॉट बुक झालेले आणि हा शुक्रवार. मॅडम म्हणाल्या स्टुडिओत दोन्ही व्हर्जन्स रेकॉर्ड करून ठेवा, मी संध्याकाळी सांगते.

स्टुडिओत ताई होत्या. त्यांचं नाव सांगितलं तर ओळखणार नाही पण आवाज ऐकला की लगेच ओळखाल, तीस वर्षं तुमच्या घरात बोलताहेत. साबण, मसाले, प्रेशर कुकर, सगळं त्यांनी विकलंय. काचेपलीकडे बसल्या, हेडफोन लावले, कागद वाचला आणि मला म्हणाल्या, "अरे, हे काय लिहिलंयस? तुटण्यामुळे होणारी केसगळती? तुटतात की गळतात, एक काहीतरी ठरव."

मी म्हटलं ताई, तेच तर सकाळपासून ठरवतोय.

पहिला टेक २४ सेकंदांचा झाला. मराठी तशीही हिंदीपेक्षा लांबते आणि त्यात हे 'तुटण्यामुळे होणाऱ्या' म्हणजे मालगाडी. दुसरा २२. रेकॉर्डिस्ट म्हणाला 'पर्यंत' जरा दाबून घ्या ना. ताईंनी दाबलं. काय दाबलं सांगू, '९५ टक्के' एकदम खुलून, हसून, आणि 'पर्यंत' असं की जणू श्वासच सोडला. शब्द आहे, मशीनवर लाट दिसते, कोर्टात ऐकवता येईल, पण कानाला लागत नाही. ही कला आहे, मी मनापासून सांगतोय. त्यांनाही माहीत होतं. काचेतून माझ्याकडे बघून भुवई उडवली.

नवव्या टेकनंतर ब्रेक घेतला. बाहेर धो धो. ताई चहा घेताना म्हणाल्या, मला दोन महिन्यांपूर्वी डेंगू झाला होता, आता बघ. आणि खांद्यावरून, कुडत्यावरून एक केस उचलला, लांब, अख्खा, आणि माझ्या कॉपीच्या कागदावर ठेवला. "हे टोक बघ." टोकाला बारीक पांढरा ठिपका होता, तीळ असतो ना पांढरा, त्याच्याही चतकोर. "हे मूळ. हा गळाला. तुटला असता तर हे नसतं. डॉक्टरांनी दाखवलं मला. म्हणाले मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी जातात असे, आपोआप येतील, शाम्पूने काही होत नाही." तो केस बरोबर '९५%'च्या वर पडलेला. मला फोटो काढावासा वाटला, पण बरं दिसलं नसतं.

तेवढ्यात ब्रँडचा मुलगा कॉलवर आला, रडकुंडीला. लीगल ऐकत नाही, वेळेत बसत नाही, काहीतरी क्रिएटिव्ह सोल्यूशन द्या ना सर. आणि इथे मी जे केलं त्याचा मला अभिमान आहे की लाज हे अजून नक्की नाही. मी म्हटलं, आकडा आवाजातून काढूनच टाका. आकडा पडद्यावर, तुटण्याबद्दल, 'पर्यंत'सकट, स्टारसकट, म्हणजे तळटीपेच्या चांदणीसकट, सगळं मराठीत आणि नीट वाचता येईल असं. आणि आवाजात फक्त एवढंच म्हणा, "केसगळतीला म्हणा, चल, निघ!"

दोन मिनिटं शांतता. मॅडमना लाइनवर घेतलं. त्यांनी ओळ परत म्हणायला लावली. मग म्हणाल्या, "यात दावाच नाहीये. तुम्ही ग्राहकाला काहीतरी म्हणायला सांगताय. ते काय कोणीही कोणालाही म्हणू शकतं." मग त्यांनी आम्हाला लंडनच्या एका जुन्या कोर्टकेसची गोष्ट सांगितली, कार्बोलिक स्मोक बॉल नावाचं काहीतरी नाकाने ओढायचं औषध होतं, १८९१ मध्ये कंपनीने जाहिरात दिली की आमचा बॉल सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा दोन आठवडे वापरून फ्लू झाला तर १०० पाउंड देऊ, आणि वर हेही छापलं की १००० पाउंड बँकेत ठेवलेत. कार्लिल नावाच्या बाईंनी वापरला, त्यांना फ्लू झाला, त्या कोर्टात गेल्या. कंपनी म्हणाली ती नुसती फुशारकी होती, जाहिरातीत चालतं तसं. कोर्ट म्हणालं मग बँकेत पैसे कशाला ठेवलेत, द्या १०० पाउंड. दिले. "कंपनी नेमकं बोलली म्हणून अडकली," मॅडम म्हणाल्या. "तुमची ओळ नेमकं काहीच बोलत नाही." जरा थांबून म्हणाल्या, "अर्थात बघणाऱ्याच्या मनावर एकूण ठसा काय उमटतो तेही बघतात. कोणी तक्रार केली तर बघू." आणि अप्रूव्हलची मेल आली.

म्हणजे सकाळी मी 'केस तुटणं कमी' असं खरं आणि छोटं लिहिलं होतं ते कोणालाच नको होतं, आणि संध्याकाळी मी गळती थेट घराबाहेर घालवली तर ते कायद्यात बसलं. ब्रँडचा मुलगा एवढा खूश की म्हणाला हिंदीत पण हेच करू. पैसे अर्थात मराठीचेच मिळाले.

ताईंनी एका टेकमध्ये ओके केलं. 'चल, निघ!' असं म्हणाल्या की मलाच उठून जावंसं वाटलं. १८ सेकंद, शेवटी २ सेकंद जिंगलला शिल्लक. रेकॉर्डिस्ट टाळ्या वाजवत होता.

निघताना क्लायंटने पाठवलेल्या सॅम्पलच्या बाटल्या टेबलावर होत्या, पॅकशॉटचा, म्हणजे बाटली दाखवतात त्या शॉटचा, रेफरन्स म्हणून. ताईंनी छत्री उघडता उघडता एक उचलली, उलटी करून मागचं सगळं बारीक वाचलं, चष्मा कपाळावर सरकवून, अगदी स्टारच्या खालचं पण. आणि पर्समध्ये टाकली.

मी बघत होतो ते त्यांना दिसलं.

"काय माहीत रे," म्हणाल्या, "लागू पडेलही एखादवेळी."