मनवे ह वै : एका सुट्या पानाची जागा

पुण्यातील एका हस्तलिखित-संग्रहात पोथ्यांची वर्णनात्मक सूची करण्याचे काम मी करतो. बासन सोडायचे, पाने लावायची, आरंभ व अंत उतरवून घ्यायचा, विषय आणि वेदाची शाखा ठरवायची, असा हा क्रम असतो. नाशिककडच्या एका वैदिक घराण्यातून आलेल्या बासनात दर्शपूर्णमास इष्टीची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला करायच्या यज्ञाची, एक प्रयोगपोथी (यज्ञाचा विधी क्रमाने सांगणारी पोथी) होती, आणि तिच्याबरोबर एक सुटे पान होते. पानासोबतच्या जुन्या चिठ्ठीवर कोणी ‘ऋग्वेद, त्रुटित’ असे लिहून ठेवले होते.

पानावर स्वरखुणा असल्यामुळे चिठ्ठी लिहिणाऱ्याचा तसा ग्रह झाला असावा. वेदपठणात उदात्त (उंच), अनुदात्त (खालचा) आणि स्वरित (उतरता) असे स्वर असतात. परंतु ऋग्वेदाच्या पोथीत अनुदात्ताखाली आडवी व स्वरितावर उभी रेघ असते आणि उदात्ताला खूणच नसते. या पानावर उभी रेघ एकही नव्हती, अक्षरांखाली तांबड्या शाईच्या आडव्या रेघा तेवढ्या होत्या. ही पद्धत शतपथ ब्राह्मणाची, म्हणजे यज्ञकर्मांचा अर्थ सांगणाऱ्या शुक्ल यजुर्वेदाच्या गद्य ग्रंथाची आहे, आणि तेथे तीच आडवी रेघ उदात्त दाखवते. मजकूरही ऋचांचा नव्हता, सलग गद्याचा होता. वरची झिजलेली ओळ उजेडात धरून वाचली तेव्हा ‘मनवे ह वै प्रातः’ ही अक्षरे स्पष्ट झाली. माध्यंदिन शाखेच्या शतपथात 14 कांडे व 100 अध्याय आहेत. त्यातील पहिल्या कांडाच्या आठव्या अध्यायाचा हा आरंभ होय.

तेथील कथा अशी: मनू सकाळी हात धूत असताना एक मासा त्याच्या हातात येतो, आपल्याला वाढवण्याची विनंती करतो आणि येणाऱ्या महापुराची सूचना देतो. आधी कुंभात, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात, असा तो वाढतो आणि पुराच्या वेळी शिंगाला बांधलेल्या दोरीने मनूची नाव उत्तरेकडील पर्वताशी नेतो. पुढे महाभारताच्या वनपर्वात हा मासा ब्रह्मदेव ठरला आणि मत्स्यपुराणात विष्णू. आपल्यापैकी बहुतेकांना कथा माहीत असते ती त्या रूपात. शतपथात मात्र मासा कोणत्याही देवाचा अवतार नाही, आणि पूर ओसरल्यावर कथा संपतही नाही. एकटा उरलेला मनू प्रजेच्या इच्छेने तूप, दही, दह्यावरचे पाणी आणि आमिक्षा (तापल्या दुधात दही घालून झालेला चोथा) यांची पाण्यात आहुती देतो, वर्षभराने त्यातून एक स्त्री प्रकट होते आणि ती त्याला सांगते की मी आशीर्वाद आहे, यज्ञात माझी योजना कर, आणि मनू ती यज्ञाच्या मध्यभागी करतो. तीच इडा. इष्टीत प्रयाज (मुख्य आहुतीपूर्वीच्या आहुती) आणि अनुयाज (नंतरच्या आहुती) यांच्या मध्ये पुरोडाशाचे (भाजलेल्या पिठाच्या हविर्द्रव्याचे) भाग तुपासह इडापात्रात घेऊन होता नावाचा पुरोहित जिचे उपाह्वान करतो, म्हणजे तिला जवळ बोलावतो, आणि त्यानंतर ऋत्विज (यज्ञातील पुरोहित) व यजमान तो भाग खातात, त्या कर्माचे स्पष्टीकरण म्हणून ही सगळी कथा ब्राह्मणकाराने सांगितली आहे. ब्राह्मणग्रंथांतून कथा वेचून काढणाऱ्या संग्रहांत नेमका हा सांधा तुटतो, आणि मला ती मोठी हानी वाटते.

मी प्रयोगपोथी पुन्हा उघडली आणि इडेच्या जागेपर्यंत आलो. तेथे समासात बारीक अक्षरांत ‘अत्र ब्राह्मणं मनवे ह वै’, म्हणजे ‘येथे मनवे ह वै हा ब्राह्मणग्रंथातील भाग’, असे लिहिलेले होते. हस्ताक्षर सुट्या पानावरचेच होते, कागद तोच, पानाची लांबी-रुंदीही तीच. पान वाट चुकून आलेले नव्हते. इडेपाशी पोहोचल्यावर त्या कर्मामागचा ब्राह्मणग्रंथातील भाग समोर असावा, म्हणून लेखकाने तो मुद्दाम उतरवून तेथे ठेवला होता. कर्म कसे करावे हे प्रयोगपोथी सांगते आणि ते का करावे हे ब्राह्मण सांगते, हे आम्ही अभ्यासक प्रस्तावनांतून लिहीत असतो. येथे एका याज्ञिकाने ते दोन्ही एका बासनात जुळवून ठेवले होते. त्या दिवशी माझ्याकडून दुसरी कोणतीही पोथी हाताळली गेली नाही.

सूचीत मी पानाची वेगळी नोंद न करता ते प्रयोगपोथीचा भाग म्हणून नोंदवले आणि जुनी चिठ्ठीही सोबत ठेवली. व्रतग्रहणापाशी समासात ‘व्रतमुपैष्यन्’ आणि सामिधेनींपाशी (अग्नी पेटवताना म्हणायच्या ऋचांपाशी) ‘हिङ्कृत्यान्वाह’ अशी आणखी प्रतीके, म्हणजे उताऱ्यांचे आरंभीचे शब्द, आहेत, पण त्यांची पाने बासनात नाहीत. घराण्यातील काही पोथ्या अजून नातलगांकडे आहेत असे कळल्यामुळे मी त्यांना पत्र लिहून पानांची लांबी-रुंदी, शाईचा रंग आणि ही दोन प्रतीके कळवली आहेत.