तुम्ही मोजलंय का?

रात्रीचे पावणेदोन. झोप नाही.

दुपारी ऑफिसात प्रोग्रामिंगच्या भाषांच्या वेगावरून नेहमीसारखंच बोलून गेलो, "जावा कितीही पळाली तरी सी++ला गाठणार नाही." टीममधल्या धाकट्याने स्क्रीनवरून नजरही न हलवता विचारलं, "सर, तुम्ही मोजलंय का?" एवढंच. इतकी वर्षं या कामात घासली आणि कालच्या पोराने एका प्रश्नात गप्प करावं! नंतर मीटिंगमध्ये जे झालं ते लिहीत नाही.

घरी आल्यावर मोजायला बसलो. दोन्ही भाषांत एकच काम: आकृत्यांची क्षेत्रफळं काढून बेरीज, कोट्यवधी वेळा. सी++चा वेळ आला शून्य. क्षणभर आनंदलो. मग लक्षात आलं, ती बेरीज मी पुढे कुठे वापरलीच नव्हती. कंपायलरने, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, बेरजेचा अख्खा लूप बिनकामाचा समजून उडवला होता. बेरीज छापायला लावली तेव्हा खरा आकडा दिसला.

जावाची पहिली फेरी रखडली, मला हवी तशी. पुढच्या मात्र भराभर खाली येत सी++च्या शेजारी येऊन टेकल्या. ही करामत हॉटस्पॉटची, म्हणजे जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेची; ते १९९९ सालचं. ते कोड आधी इंटरप्रिटरवर, म्हणजे एकेक सूचना वाचत, चालवतं, कुठली मेथड (कोडचा नाव दिलेला तुकडा) किती वेळा बोलावली ते मोजतं. हल्ली साधारण २०० वेळांनंतर घाईघाईत कंपाइल करतं, ५००० नंतर कसून. माझ्या 'आकृती' या इंटरफेसमागे, म्हणजे सामाईक नावामागे, प्रत्यक्षात एकच क्लास (एकाच प्रकारची आकृती) येताना दिसला, म्हणून त्याने मेथडचा कोड थेट जागेवरच घातला. मी मुद्दाम मध्येच दुसरा क्लास घुसवला. लॉगमध्ये ओळ उमटली: 'मेड नॉट एन्ट्रंट', म्हणजे या कोडमध्ये आता प्रवेश बंद. अंदाज चुकला, तर स्वतःच तयार केलेला कोड बाद केला, मागे इंटरप्रिटरवर गेलं, पुन्हा मोजलं, पुन्हा कंपाइल केलं.

त्या ओळीकडे किती वेळ बघत बसलो होतो कोण जाणे.

माझं सगळंच चूक होतं असं नाही. एकदा चालून लगेच संपणाऱ्या छोट्या टूलला वॉर्म-अपची, म्हणजे असं मोजून कंपाइल व्हायची, सवडच मिळत नाही. तिथे मी आजही सी++च घेईन. मेमरीचं तर वेगळंच. पण मी हे मोजून म्हणत नव्हतो. ऐकलं होतं, पटलं होतं, म्हणून म्हणत होतो. तेच सलतंय. किती जणांना सांगितलं असेल, आणि त्या जुन्या सर्व्हिसच्या वेळी तर... जाऊ दे.

बरंच झालं त्याने विचारलं. सकाळी दोन्ही फाइली त्याला देतो. सी++ला चालतानाचं प्रोफाइल पुरवून पुन्हा कंपाइल करायचं राहिलंय, ते दोघं मिळून करू. आकडे तो लिहून घेईल.